वेळासची कासवं आणि त्यांचे शेजारी

श्रोतेहो, नमस्कार.

रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात वेळास नावाचं एक लहानसं गाव आहे. पूर्वी ते ओळखलं जायचं नाना फडणवीसांचं गाव म्हणून. आता तिथली वाट विचारणारा बहुधा कासवं बघायला निघालेला असतो.

ऑलिव्ह रिडले जातीची मादी थंडीच्या दिवसांत रात्री पुळणीवर येते, वाळू उकरून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. पिल्लांचं तोंडही ती बघत नाही. मग कोल्ही-कुत्री ती अंडी उकरायची, आणि माणसंही. कायदा होता हो, पण रात्री दोन वाजता पुळणीवर तो राबवणार कोण?

२००२ च्या सुमाराला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं इथं काम सुरू केलं, आणि राखण करायला उभी राहिली ती गावातलीच माणसं. त्यांना कासवमित्र म्हणतात. काम मोठं कष्टाचं आणि खरं सांगायचं तर कंटाळवाणं. उजाडायच्या आत किनारा पालथा घालायचा. वाळूवर ट्रॅक्टर गेल्यासारखा माग दिसला की तो धरून चालायचं, काठीनं हलकेच चाचपून पोकळ जागा शोधायची. अंडी हातानं एकेक काढायची आणि कुंपणातल्या हॅचरीत तितक्याच खोल खड्ड्यात ठेवायची. नेताना ती हिंदकळू द्यायची नाहीत की उलटीपालटी करायची नाहीत, नाहीतर आतला जीव मरतो. वर तारखेची पाटी. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात, म्हणून दिवस भरत आले की खड्ड्यावर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात.

२००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. गावात हॉटेलं नव्हती, तेव्हा पाहुणे उतरले घराघरांत. पडवीत अंथरूण, पानात घावणे, सोलकढी, नशीब असेल तर उकडीचे मोदक. हंगामात घरच्या बायकांच्या हातात स्वतःचे पैसे येऊ लागले. काहीजण नाक मुरडतात, की पैसा दिसला म्हणून गावाला कासवांचा पुळका आला. येऊ दे की! राखण करणाऱ्याच्या घरी चूल पेटायला नको का? नुसत्या भाषणांनी, त्यात माझंही आलं, एकही अंडं वाचलं नसतं.

पुढे अंजर्ल्यासारख्या गावांनीही हे काम उचललं. २०२२ च्या जानेवारीत वेळासलाच एका मादीच्या पाठीवर, ती समुद्रात कुठे जाते ते कळावं म्हणून, उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं. नाव ठेवलं प्रथमा.

तुम्ही जाणार असाल तर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जा, आधी फोन करून घर ठरवा. पिल्लं सोडताना दोरीच्या अलीकडे उभे राहा, मोबाईलचा फ्लॅश बंद ठेवा. पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्राची दिशा चुकतात. आणि एका सकाळीत उरकून परतायचा बेत करू नका. टोपलीखाली पिल्लं असतील की नुसती वाळू, हे आदल्या रात्री कासवमित्रालाही सांगता येत नाही.