दहशतवादाचं कलम मृतांच्या आकड्यावर लागत नाही

नमस्कार मंडळी! "संयुक्त राष्ट्रांची दहशतवादाची व्याख्या एका ओळीत सांगा," असं तुम्ही सारखं विचारताय. सगळ्या देशांना मान्य असलेली व्याख्याच नाही. १९३७ साली राष्ट्रसंघाने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेने, दहशतवादाविरुद्ध करार केला. एकट्या भारताने त्यावर शिक्कामोर्तब केलं आणि तो कधी लागूच झाला नाही. १९९६ मध्ये भारतानेच नवा मसुदा मांडला. परकीय ताब्याविरुद्धचा सशस्त्र लढा आणि सरकारी सैन्याची कृत्यं यात धरायची का, इथे घोडं अडलंय ते अजून. विमान अपहरण, ओलीस, बॉम्बस्फोट यांवर सुटे करार झाले. असो.

आता ती कमेंट, जी वाचून मला राहवत नाही: "एवढी माणसं मेली, मग दहशतवादाचं कलम का नाही?" तळमळ कळते हो, पण कायदा आधी उद्देश बघतो. जुन्या वैरातून कुणी दहा जणांना मारलं, तर तो भयंकर खूनच, पण दहशतवाद नव्हे.

उलट बाजूने बघा. दहशतवादाला पैसा पुरवण्याविरुद्धचा १९९९ चा करार. लोकांना धाकात ठेवण्यासाठी किंवा सरकारला झुकवण्यासाठी माणसं मारायला पैसा दिला, की गुन्हा. तो पैसा वापरला गेला नाही, कुणाला खरचटलंही नाही, तरी गुन्हाच!

एकाने छान विचारलंय, "उद्देश मनातला, तो कोर्टात कसा दाखवणार?" जागा कोणती निवडली, मागणी काय केली, पत्रक टाकलं का, पैसा कुठून आला, यावरून. मृतांचा आकडा यातलं काहीच सांगत नाही.

२००१ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव १३७३ करून सगळ्या देशांना कायदे करायला लावले, व्याख्या मात्र दिली नाही. मग ज्याने त्याने आपापली केली. ब्रिटनच्या कायद्यात राजकीय, धार्मिक, वांशिक किंवा वैचारिक कारण लागतं. आपल्या यूएपीएच्या, म्हणजे बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायद्याच्या, कलम १५ मध्ये तशी अट नाही. वर, उद्देश नसला तरी देशाच्या सुरक्षेला 'धोका पोहोचण्याची शक्यता' हेही पुरतं. मला हे फार सैल वाटतं, कारण याच कायद्याच्या कलम ४३-ड(५) मुळे आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले की जामीन मिळत नाही. खटला रेंगाळला तर घटनात्मक न्यायालयं, म्हणजे उच्च आणि सर्वोच्च न्यायालय, जामीन देऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नजीब नावाच्या यूएपीए आरोपीच्या प्रकरणात स्पष्ट केलं. तोवर त्या आरोपीची पाच वर्षं तुरुंगात गेली होती.