रिॲक्टर, गॅस आणि साहेबांचा बोनस

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या वीजबिलावर स्थिर आकार असतो, वीज आकार असतो, वहन आकार असतो आणि एक ओळ असते इंधन समायोजन आकाराची. त्या ओळीकडे आपण वैतागून बघतो आणि बिल भरून टाकतो. आजची हकीकत अमेरिकेतली आहे, पण तिचं मूळ या ओळीशी आहे, म्हणून आधी ती समजून घेऊ.

इंधनाचा खर्च वीज कंपनी जसाच्या तसा ग्राहकाकडून घेते. १०० रुपयांचा गॅस जाळला, १०० रुपये वसूल केले. त्यावर कंपनीला नफा नाही. मग नफा कशावर? कंपनीनं जे उभारलं, म्हणजे केंद्र, वाहिन्या, उपकेंद्रं, त्यात भागधारकांचा जो पैसा अडकला, त्यावर. त्याचा टक्का वीजदरांना मंजुरी देणारा सरकारी नियामक आयोग ठरवून देतो. समजा केंद्राला १०० कोटी लागले. त्यातले ५० कोटी कर्जाऊ, ५० कोटी भागधारकांचे. परतावा ११ टक्के धरला, तर वर्षाला साडेपाच कोटी. तेच केंद्र १००० कोटींचं असेल, तर ५५ कोटी. पुन्हा सांगतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे: इंधनावर नफा नाही, बांधकामावर आहे. जितकं मोठं बांधकाम, तितका मोठा नफा. ॲव्हर्च आणि जॉन्सन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६२ मध्येच हे मांडून ठेवलं होतं.

आता कंपनीच्या प्रमुखाच्या खुर्चीत बसून बघा. त्याच्या कमाईत पगाराचा वाटा लहान. मोठा वाटा बोनसचा आणि कंपनीच्या समभागांचा. बोनस ठरतो मुख्यतः दर समभागामागे कंपनीनं किती कमावलं यावर. ती कमाई वाढायची तर बांधकाम वाढायला हवं.

आता साउथ कॅरोलिनाची गोष्ट ऐका. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कोलंबिया ही त्या राज्याची राजधानी. तिच्याजवळ जेन्किन्सव्हिल नावाचं गाव आहे. तिथं व्हर्जिल समर अणुवीज केंद्राचा एक रिॲक्टर, म्हणजे अणुभट्टी, १९८४ पासून व्यवस्थित चालू आहे. २००७ मध्ये राज्याच्या विधिमंडळानं एक कायदा केला. नवं मोठं केंद्र बांधताना कंपनीला दोन सवलती दिल्या. पहिली, बांधकाम चालू असतानाच गुंतलेल्या पैशावरचं व्याज आणि परतावा ग्राहकांच्या बिलात घालायचा. दुसरी, प्रकल्प मध्येच सोडावा लागला, तरी खर्च विचारपूर्वक केला होता असं ठरल्यास तोही ग्राहकांकडून घ्यायचा. वीज तयार होण्याआधी पैसे, आणि झालीच नाही तरी पैसे.

वर्षभरात, २००८ मध्ये, स्काना या वीज कंपनीनं वेस्टिंगहाउस या अणुभट्ट्या बनवणाऱ्या कंपनीला तिथंच तिच्या एपी-१००० नमुन्याच्या दोन रिॲक्टरांचं काम दिलं. प्रत्येक रिॲक्टर सुमारे ११०० मेगावॉटचा. स्कानाची हिस्सेदारी ५५ टक्के, उरलेली ४५ टक्के सँटी कूपर या सरकारी कंपनीची. दोन्ही मिळून सुमारे ९.८ अब्ज डॉलरचा अंदाज. स्कानाला सुरुवातीला मंजूर झालेला परतावा ११ टक्के.

त्या वेळी हा निर्णय चुकीचा वाटण्यासारखा नव्हता. २००८ च्या जुलैत नैसर्गिक वायूचा घाऊक भाव दर दशलक्ष बीटीयूला (बीटीयू हे उष्णतेचं एक माप) १३ डॉलरपर्यंत चढला होता. पण मग खडकात अडकलेला शेल गॅस निघायला लागला. रिॲक्टरांचा परवाना हातात आला ३० मार्च २०१२ ला, आणि पुढच्याच महिन्यात गॅस २ डॉलरच्या खाली गेला. थांबून नव्याने हिशेब करण्याची ती वेळ होती. पण थांबायचं म्हणजे परतावा मिळवून देणारं अब्जावधींचं काम कंपनीच्या हिशेबातून जाणार. कंपनी थांबली नाही.

काम कुठं अडलं तेही सांगतो. एपी-१००० ची कल्पना अशी की मोठे भाग कारखान्यात तयार करायचे आणि जागेवर आणून जोडायचे. कारखाना लुइझियानातल्या लेक चार्ल्सला. तिथून भाग उशिरा येत, आले तर वेल्डिंगमध्ये दोष निघत, नाहीतर कागदपत्रं अपुरी असत. अणुकेंद्रात वेल्ड कुणी केला, कशानं केला, कुणी तपासला याची नोंद नसेल, तर तो वेल्ड धरलाच जात नाही. पुन्हा तपासा, पुन्हा करा. त्यातच आराखडे पुरे नव्हते. काम चालू असताना बदललेले नकाशे येत राहायचे. घर बांधलेल्या कुणालाही ठाऊक आहे, स्लॅब ओतल्यावर जिन्याची जागा बदलली तर काय होतं. आपल्याकडे तर घराचा नकाशा हातात येण्याआधीच पाया खणायची घाई होते. ती सवय मोडायलाच हवी, असं मी नेहमी सांगतो.

असो. २०१५ मध्ये दोन्ही मालकांनी बेक्टेल या जुन्या, अनुभवी बांधकाम कंपनीला पाहणीचं काम दिलं. नेमणूक केली वकिलामार्फत. वकिलाच्या कामातला कागद म्हटला की तो गुप्त ठेवायला आधार मिळतो. बेक्टेलची माणसं आली, नकाशे तपासले, कामगारांची उत्पादकता मोजली. ऑक्टोबरमध्ये त्यांनी वरिष्ठांना तोंडी सांगितलं की ठरलेल्या तारखा गाठता येणार नाहीत. २०१६ च्या फेब्रुवारीत लेखी अहवाल आला, पण वेळापत्रकाचा भाग त्यातून काढलेला होता.

वेळापत्रकच का? कारण सरकारी करसवलतीसाठी दोन्ही रिॲक्टर २०२० संपण्याआधी चालू होणं आवश्यक होतं. ती सवलत हुकणार हे कळलं असतं, तर आयोगानं आणि गुंतवणूकदारांनी हिशेब मागितला असता. अहवाल आयोगापर्यंत गेलाच नाही. गुंतवणूकदारांना काम मार्गावर आहे असं सांगितलं जात होतं. त्याच काळात कंपनी रोखे विकत होती आणि बिलं वाढवून घेत होती. या कायद्याखाली एकूण ९ दरवाढी झाल्या. शेवटी ग्राहकाच्या बिलातला सुमारे १८ टक्के भाग या दोन रिॲक्टरांचा होता. महिन्याला १००० युनिट वापरणाऱ्या घराला २७ डॉलरच्या आसपास. आणि वीज? एक युनिटसुद्धा नाही. वरिष्ठांच्या बोनसच्या उद्दिष्टांत मात्र अणुप्रकल्पाची प्रगतीही धरलेली होती.

२९ मार्च २०१७ ला वेस्टिंगहाउसनं दिवाळखोरीचा अर्ज केला. ३१ जुलैला मालकांनी प्रकल्प सोडला. तोवर सुमारे ९ अब्ज डॉलर खर्च झाले होते, आणि प्रत्यक्ष बांधकाम ४० टक्क्यांच्याही आत होतं. त्या एका दिवसात ५ हजारांवर कामगारांची नोकरी गेली. सप्टेंबरमध्ये राज्यपाल हेन्री मॅकमास्टर यांनी सँटी कूपरकडून बेक्टेलचा अहवाल मिळवून जाहीर केला, तेव्हा लोकांना कळलं की वरच्या मजल्यावर हे जवळजवळ दोन वर्षं ठाऊक होतं. स्कानाचे प्रमुख केव्हिन मार्श यांनी गुन्हा कबूल केला. २०२१ मध्ये त्यांना २ वर्षांची कैद झाली. त्यांच्या हाताखालचे स्टीफन बर्न यांना २०२३ मध्ये १५ महिन्यांची.

शिक्षा झाली ती खोटं बोलल्याबद्दल. बांधकाम फुगलं तरी परतावा वाढत राहतो, ही रचना कायदेशीरच होती.

मग गॅसकडे वळलं की ग्राहक सुटला का? नाही. गॅसचं केंद्र स्वस्तात आणि लवकर उभं राहतं, पण त्याचा खरा खर्च इंधनाचा, आणि इंधन आपण मघाशी पाहिलं तसं थेट बिलात. भाव तिप्पट झाला तरी कंपनीच्या नफ्याला धक्का लागत नाही. म्हणजे भावाचा अंदाज नीट करण्याची निकड कंपनीला वाटत नाही. आणि बांधकामावरचा परतावा हवाच असेल, तर गॅसची वाहिनी आहे. डोमिनियन आणि ड्यूक या वीज कंपन्यांनी २०१४ मध्ये अटलांटिक कोस्ट पाइपलाइन जाहीर केली. वेस्ट व्हर्जिनियापासून नॉर्थ कॅरोलिनापर्यंत सुमारे ९६५ किलोमीटर. वाहिनीचे मालक तेच, आणि बहुतेक वायू २० वर्षांच्या करारानं घेणार त्यांच्याच वीज कंपन्या. वाहतुकीचं भाडं इंधनखर्चात मिसळून ग्राहकाकडे जाणार, आणि परतावा भागधारकांकडे. खर्च ५ अब्जांवरून ८ अब्जांवर गेला, कोर्टकचेऱ्या लांबल्या, आणि २०२० च्या जुलैत योजना गुंडाळली.

आता ओहायो राज्याचं थोडक्यात. तिथं फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या उपकंपनीचे दोन जुने रिॲक्टर स्वस्त गॅसपुढे तोट्यात आले. २०१९ मध्ये त्यांना ग्राहकांच्या बिलातून मदत देणारा कायदा झाला. त्यामागे ६ कोटी डॉलरची लाच होती. विधानसभेचे सभापती लॅरी हाउसहोल्डर यांना २० वर्षांची शिक्षा झाली. रिॲक्टरांची ती मदत २०२१ मध्ये रद्द झाली. लक्षात घ्या, साउथ कॅरोलिनात नवं बांधण्यात फायदा होता, ओहायोत जुनं जगवण्यात. तंत्रज्ञान एकच, निर्णय उलटे, आणि दोन्हीकडे बिल ग्राहकाचं.

अणुवीज वाईट असं मी म्हणत नाही. जॉर्जियातल्या व्होगल केंद्रात हेच एपी-१००० रिॲक्टर २०२३ आणि २०२४ मध्ये चालू झाले. खूप महागात, पण झाले. प्रश्न आहे जोखीम कुणाची. वायोमिंगसारख्या काही राज्यांत इंधन अंदाजापेक्षा महाग पडलं, तर वाढीव खर्चाचा काही वाटा कंपनीनं सोसायचा असतो. बोनसही केंद्र चालू झाल्यावर आणि कबूल केलेल्या खर्चात झाल्यावरच द्यावा.

आपल्याकडेही वीजदराच्या याचिकेत भांडवली खर्च आणि परतावा वेगवेगळे दाखवलेले असतात. आयोग हरकती मागवतो. त्यासाठीची जाहीर सुनावणी रविवारी ठेवावी, म्हणजे नोकरदार माणूस येऊ शकेल, हे माझं ठाम मत आहे. याचिका हातात आली की आधी भांडवली खर्चाचा तक्ता काढा. मंजूर रक्कम किती, प्रत्यक्ष किती, आणि फरक कुणाच्या माथी, एवढे तीन आकडे शोधा.

साउथ कॅरोलिनात तो कायदा नव्या प्रकल्पांसाठी २०१८ मध्ये बंद झाला. २०१९ च्या जानेवारीत स्काना डोमिनियननं विकत घेतली. जानेवारी २०२५ मध्ये सँटी कूपरनं ते अर्धवट रिॲक्टर पुरे करायला कोण तयार आहे, म्हणून प्रस्ताव मागवले. आणि जुन्या खर्चातले २.३ अब्ज डॉलर स्कानाचे ग्राहक २० वर्षांत फेडणार आहेत, महिन्याच्या बिलातून.

नमस्कार.