चित्रकाराशी गप्पा चित्रासमोरच व्हायला हव्यात | कॉलेजमधलं प्रदर्शन

नमस्कार मंडळी. ठाणे आणि नवी मुंबईतल्या कॉलेजांमध्ये चित्रप्रदर्शनं लागतात, सोबत चित्रकाराचं व्याख्यानही ठेवतात. आज माझा एकच आग्रह आहे. ते व्याख्यान सेमिनार हॉलमध्ये नको, चित्रांसमोर घ्या.

का ते सांगते. हॉलमध्ये आधी दीपप्रज्वलन, मग शाल-श्रीफळ, परिचय, आणि मग प्रोजेक्टर. पडद्यावर तळहाताएवढं छापाचित्र आणि सहा फुटी कॅनव्हास, दोन्ही एकाच मापाची दिसतात. रंग बदलतात. चित्रकाराचा हात जिथे कळतो तो पृष्ठभाग तर दिसतच नाही. आणि खरी चित्रं त्या वेळी खालच्या मजल्यावर, रिकाम्या गॅलरीत.

वारली चित्र घ्या. ही तर आपल्याच मुलखातली कला. 2014 मध्ये पालघर वेगळा झाला, तोवर डहाणू, तलासरी, जव्हार ठाणे जिल्ह्यातच होते. लग्नघरी भिंतीवर पालघट देवीचा चौक, म्हणजे तिचं चौकोनी चित्र, लिहायचा तो सवाशिणींनी. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं विधीच्या बाहेर आणली, कागदावर, कापडावर. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता अशा एखाद्या चित्राच्या वीतभर जवळ जा. (कॅमेरा जवळ) तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, आणि बांबूची काडी टोकाला चावून केलेला कुंचला. रेघ सुरू होते तिथे पीठ किंचित फुगलेलं असतं. पुढे काडी कोरडी पडत जाते, तशी खालची गेरूची जमीन रेघेतून डोकावायला लागते. मग काडी पुन्हा बुडवलेली. तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावर चाललेल्या नाचातला एकेक माणूस बघत गेलात, तर हात कुठे थांबला आणि कुठून पुन्हा निघाला याचा अंदाज येतो. पडद्यावर याचीच सपाट छापील नक्षी होऊन जाते.

छापाचित्रांचंही तसंच. एचिंग असेल, म्हणजे धातूच्या प्लेटवर आम्लानं रेघा कोरून ती कागदावर छापलेली असेल, तर कागदावर प्लेटच्या कडांचा दबलेला चौकोन दिसतो. खाली डावीकडे पेन्सिलीनं, समजा, 3/20 लिहिलेलं असतं, म्हणजे वीस प्रतींमधली तिसरी. उजवीकडे सही. इथे कुणीतरी हमखास विचारतं, "मग ही झेरॉक्सच ना?" फार चांगला प्रश्न आहे हा! कारण त्यावर चित्रकार त्या चित्राकडेच बोट करून सांगतो, की प्रत्येक प्रतीसाठी प्लेटमध्ये नव्यानं शाई भरायची, वरची शाई कापडानं पुसायची, ओलसर कागद ठेवून प्रेसमधून काढायचा. कुठे शाई जास्त राहिली, तेही दाखवतो. भरल्या हॉलमध्ये, मागच्या रांगेत माइकची वाट बघत बसलेली पहिल्या वर्षाची मुलगी हा प्रश्न विचारायला धजावत नाही. चित्रासमोर उभी असेल तर विचारते.

आणि मुलांनो, "या चित्राचा अर्थ काय?" हा प्रश्न जरा मागे ठेवा. आधी विचारा, सुरुवात कुठल्या कोपऱ्यातून केली? हा लाल आधी लावला की शेवटी? काय खोडलंत? पुरं झालं हे कसं ठरवलंत? अशा प्रश्नांवर चित्रकार खुलतात. अर्थाचं बोलणं त्यातूनच निघतं.

"गॅलरीत एवढी माणसं मावत नाहीत," असं आयोजक म्हणतात. बरोबर आहे. मग पंचवीस-पंचवीसचे दोन गट करा, अर्धा-अर्धा तास. ज्येष्ठांसाठी चार खुर्च्या ठेवा.

मांडणीचं थोडक्यात. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 145 ते 150 सेंटीमीटरवर आला की मान वर करावी लागत नाही. काचेवर ट्यूबलाइट चमकत असेल तर दिवा हलवा. जलरंगातली चित्रं पश्चिमेच्या खिडकीसमोर नकोतच. संग्रहालयांत कागदावरच्या कामांसाठी प्रकाश 50 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास, म्हणजे मंदच ठेवतात, आणि आपल्याकडे दुपारचं ऊन थेट रंगांवर पडतं. पावसाळ्यात खाडीकाठची हवा एवढी दमट, की कागदाला लाटा येतात. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर ती चित्रं टांगू नका.

काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी 1952 पासून आहे, तिथेही जरूर जा. पण ठाण्याहून किंवा वाशीहून जाऊन यायचं तर अर्धा दिवस मोडतो. कॉलेजातलं चित्र दोन लेक्चरच्या मधे बघता येतं, उद्या पुन्हा बघता येतं. सकाळी न दिसलेली एखादी रेघ दुपारच्या उजेडात दिसते. ही सोय मला फार मोठी वाटते.

तुमच्या कॉलेजात सध्या प्रदर्शन चालू असेल तर तारखा आणि वेळ कमेंटमध्ये लिहा. बाहेरच्या माणसाला गेटवर ओळखपत्र लागतं का, रविवारी गॅलरी उघडी असते का, तेही लिहा. आणि चित्रकार कोणत्या दिवशी गॅलरीत असतो, ते सगळ्यात आधी.