सहा वेळा कापलेला पट

बुद्धिबळाचा पट. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत. राजाकडे हे इनाम मागणाऱ्याची गोष्ट आपण लहानपणीच ऐकलेली असते. राजाची फजिती झाली की ती संपते. आपण तिथूनच सुरू करू.

एकूण दाणे: 1,84,46,74,40,73,70,95,51,615. वीस अंकी संख्या! ‘लीलावती’त भास्कराचार्य एक, दश, शत अशी नावं देत परार्धापर्यंत जातात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. आपले दाणे 184 परार्धांच्याही वर भरतात.

आता ही संख्या फोडायची. त्यासाठी कात्री पुरे.

पट मधोमध कापा. वरची बत्तीस घरं उचलून, क्रम न बदलता, खालच्या बत्तीस घरांवर ठेवा. वरच्या प्रत्येक घरात त्याच्या खालच्या घराच्या 4,29,49,67,296 पट दाणे आहेत. म्हणजे अख्खा पट हा खालच्या अर्ध्याच्या 4,29,49,67,297 पट. एक अवयव निघाला.

उरलेला अर्धा तसाच कापा: 65,537. मग 257. मग 17, 5, 3. सहाव्या कापाला हातात राहतं एक घर आणि त्यातला एक दाणा. या सहा अवयवांचा गुणाकार करा, सगळे दाणे परत मिळतात.

3, 5, 17, 257, 65,537 या पाचही मूळ संख्या. सतराव्या शतकात फ्रान्समधले गणितज्ञ फर्मा यांना वाटलं, पुढचीही मूळच असणार. पुढची म्हणजे आपला पहिला अवयव. सिद्धता मात्र त्यांच्याकडे नव्हती.

1732 मध्ये स्विस गणितज्ञ ऑयलरने दाखवलं, तिला 641 ने भाग जातो. 641 गुणिले 67,00,417.

हा 641 आणला कुठून? 4,29,49,67,297 चा कोणताही विभाजक 64 च्या पटीपेक्षा एकने जास्त असतो, हेही पुढे ऑयलरनेच सिद्ध केलं. अशा मूळ संख्या ओळीने घ्या. 193, नाही. 257, नाही. 449, 577, नाही. पाचवी 641.

फक्त पाच भागाकार! फर्मांसारख्या माणसाकडून ते कसे राहिले, की मांडताना कुठे हातचा चुकला, याचं नवल वाटत राहतं.

पट दुप्पट मोठा करत गेलं की प्रत्येक वेळी असा एक नवा अवयव मिळतो; फर्मांची ही साखळी गणितज्ञ आजही पुढे तपासत आहेत. 65,537 नंतर तिच्यात एकही मूळ संख्या अजून सापडलेली नाही.