उरलेली तेरा मिनिटे

(नांदेड येथे संगीतप्रेमी श्रोत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

रसिकहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘आयुष्यभर ऐकणाऱ्याने नवे संगीत कसे शोधावे व जुन्याकडे पुन्हा कसे जावे’ असा छापला आहे. तो वाचून आमच्या घरी विचारणा झाली, की हे व्याख्यान आहे की शासन निर्णय. मला चाळीस मिनिटे मिळणार होती. त्यांतली नऊ दीपप्रज्वलनात आणि सात माझ्या परिचयात गेली. हयातभर शाळेत गणित शिकवल्यामुळे असा हिशेब आपोआप होतो, त्याचा राग मानू नये. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे म्हणणाऱ्या गावातून मी आलो असल्याने आत्मविश्वासाची वाण नाही. पण मला गाता येत नाही, आणि पेटीवर दोन स्वर जुळवून पाहण्यापलीकडे काही वाजवताही येत नाही. पन्नास वर्षे ऐकतो आहे, एवढीच माझी पात्रता.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे, की जुने गाणे आपल्याला प्रिय असते त्याचे निम्मे श्रेय गायकाचे आणि निम्मे आपण त्याला दिलेल्या वेळाचे असते. आणि तो वेळ आपण फारसा खुशीने दिलेला नसतो, तो द्यावा लागलेला असतो. हे पटावे म्हणून एका कॅसेटची हकीकत सांगतो. माझ्या घरच्यांनी ती इतक्यांदा ऐकली आहे, की आज त्यांपैकी कोणीही सोबत आलेले नाही.

१९८४ सालची गोष्ट. तेव्हा आमच्याकडे कॅसेट भरून देणारी दुकाने होती. आपण कोरी कॅसेट विकत घ्यायची, काय हवे त्याची यादी द्यायची आणि आठ दिवसांनी चकरा सुरू करायच्या. एका मैफलीतला पंचेचाळीस मिनिटांचा बागेश्री एका दुकानदाराकडे असल्याचे मला कळले. गायकाचे नाव मी मुद्दामच घेत नाही, कारण घेतले तर या सभागृहात ताबडतोब दोन तट पडतील आणि माझी उरलेली मिनिटे त्यांच्या समेटात जातील. पंचेचाळीस मिनिटांचा राग एका बाजूला सलग मावावा म्हणून मी नव्वद मिनिटांच्या कॅसेटचे पैसे मोजले. घरी आणून पाहतो तो कॅसेट साठ मिनिटांची, म्हणजे एका बाजूला अर्धा तास. किमतीतला फरक आमच्या घरच्या दोन दिवसांच्या दुधाइतका होता. दुकानात जाऊन भांडलो, तर त्या गृहस्थांनी शांतपणे सांगितले, “मास्तर, चांगला भाग सगळा आलाय. पुढं नुसत्याच ताना आहेत.” ज्याच्या शब्दकोशात ‘नुसत्याच ताना’ असा प्रयोग आहे त्याच्याशी वाद घालून उपयोग नसतो, हे मला कळत होते, तरीही मी अर्धा तास वाद घातला. अर्धाच तास, कारण पुढे शाळा होती.

फसवणूक एवढ्यावर थांबली नाही. दुकानदाराच्या यंत्राचा पट्टा सैल झालेला असावा, कारण भरताना फीत हळू फिरली होती आणि त्यामुळे माझ्या चांगल्या चालीच्या टेपवर ती जलद वाजू लागली. फितीचा वेग साधारण सहा टक्क्यांनी वाढला की सगळे गाणे अर्ध्या स्वराने चढते. म्हणजे पेटीवरच्या पांढरी एक या पट्टीत गाणारा गायक तिच्या लगतच्या वरच्या काळी एकमध्ये ऐकू येतो. हे मला तेव्हा कळले नाही. मी शाळेच्या पेटीवर पडताळा घेऊन, आमचे बुवा काळी एकमध्ये गातात, असे पस्तीस वर्षे लोकांना ठामपणे सांगत राहिलो, आणि गणिताचे मास्तर सांगतात म्हणून लोकांनी ते मानले.

बागेश्री संपत नसे, तुटत असे. द्रुत बंदिशीत एक तान खालच्या मंद्र सप्तकातून उठून वरच्या तार षड्जाकडे झेपावायची आणि वाटेत मध्यमापाशी येताच ‘खट्ट’ असा आवाज होऊन बटण वर यायचे. आता मुख्य मुद्दा. पहिली बाजू पुन्हा ऐकायची तर फीत मागे न्यावी लागे. यंत्रावर मागे नेली की सेल उतरत, पेन्सिल घालून फिरवली की हात दुखे. तिसरा उपाय फुकटचा होता: कॅसेट उलटायची आणि दुसरी बाजू शेवटपर्यंत वाजू द्यायची, म्हणजे पहिली बाजू आपोआप सुरुवातीला येते. आणि या दुसऱ्या बाजूवर त्या गृहस्थांनी, मी मागितलेली नसताना, कव्वाली भरून ठेवली होती.

कव्वालीविषयी माझे मत तेव्हा फार वाईट होते, आणि न ऐकता बनवलेले असल्यामुळे ते फार पक्केही होते. पहिला महिनाभर ती बाजू लावून मी स्वयंपाकघरात चहाला जात असे. मग पाऊस लागला, वही तपासायचे काम आले, आणि उठणे जिवावर येऊ लागले. केव्हातरी लक्षात आले, की टाळीच्या ठेक्याबरोबर माझा लाल पेन वहीच्या समासात आपटतो आहे. पुढे एक ओळ घेऊन गायक तीच तीच का घोळवतो, प्रत्येक खेपेला तिला वेगळी गिरह, म्हणजे दुसऱ्या काव्यातला जोडशेर, कशी लावतो आणि मागचे आवाज ती ओळ नेमक्या क्षणी कसे झेलतात, हे उमगत गेले. दोन वर्षांनी मी खुलताबादच्या उरुसात रात्रभर मांडी घालून बसलो होतो. आपण होऊन कोणी मला कव्वाली ऐकायला सांगितली असती तर मी दहा मिनिटांत उठलो असतो. बागेश्रीचे भाडे म्हणून ती भरावी लागली, आणि त्या भाड्यापोटी मला आयुष्यभराचे एक संगीत मिळाले. त्या दुकानदाराला मी अजून क्षमा केलेली नाही, हे मात्र नोंदवून ठेवावे.

जाता जाता सांगतो, की यंत्राच्या मर्यादेने कान घडवण्याचा हा प्रकार जुनाच आहे. १९०२ मध्ये कोलकात्याला गायिका गौहर जान यांचे गाणे तबकडीवर उतरले, तेव्हापासून पुढची कित्येक दशके एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटेच मावत. तासभराचा ख्याल तेवढ्यात बसवताना गवयांनी आपल्या रागाचा अर्क काढला, आणि ऐकणाऱ्यांनी तो अर्क शेकडो वेळा घेतला, कारण घरात असून असून किती तबकड्या असणार?

आता दुसरी बाजू. २०१९ मध्ये माझ्या नातीने मोबाईलवर तो पूर्ण बागेश्री शोधून दिला. पस्तीस वर्षांची तहान भागणार म्हणून मी दार लावून बसलो, आणि सांगायला संकोच वाटतो, पण मला तो आवडला नाही. आवाज खालच्या पट्टीतला, चाल संथ, जणू बुवा पस्तीस वर्षांनी म्हातारे झाले होते. ती तान मध्यमापाशी आली तेव्हा माझा हात कॅसेट उलटायला आपोआप पुढे गेला. तान मात्र न थांबता वर जाऊन, वळून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आली, तेव्हा दचकलो. पुढची तेरा मिनिटे मला परक्या माणसाची वाटली. नातीने निरागसपणे विचारले, “आजोबा, हे तर तेच गाणं आहे ना?” मी पुन्हा ऐकले. सातव्या की आठव्या खेपेला त्या तेरा मिनिटांतली एक जागा, कोमल निषादावरचा नुसता ठहराव, कानात राहिली, आणि तिथून उरलेल्या जागा हळूहळू घर करू लागल्या. ज्या गाण्याला मी जन्मभराचे आवडते म्हणत होतो, त्यातलेच एक चतुर्थांशाहून अधिक माझ्यासाठी नवे होते, आणि नव्यासारखेच त्याने मला आधी नाकारायला लावले.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटे. तेव्हा पत्रिकेत जे कबूल केले होते ते आता भरभर सांगतो.

रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवले, की निरर्थक शब्द किंवा अनोळखी चिन्हेसुद्धा नुसती वारंवार समोर आली तरी माणसाला ती बरी वाटू लागतात. आपल्या नातवंडांच्या हातात सगळ्या जगाचे संगीत आहे, पण त्यांना दुसरी बाजू वाजू देण्याची सक्ती नाही. अर्ध्या मिनिटात बोट पुढे सरकते. म्हणून सक्ती आपणच स्वतःवर करावी. मी महिन्याला एकच नवे ध्वनिमुद्रण घेतो, ते दहा वेळा ऐकल्याशिवाय त्याविषयी मत देत नाही, आणि सहाव्या खेपेपर्यंत मला बहुधा त्याचा रागच येत असतो. नवे शोधताना गायकाच्या मागे न जाता साथीदाराच्या मागे जावे. आवडत्या मैफलीतला सारंगिया किंवा तबलजी आणखी कोणाकोणाबरोबर बसला आहे ते पाहत गेले, की अनोळखी घरात ओळखीचा माणूस भेटल्यासारखे होते. आवडते गाणे वर्षातून काही महिने बंद ठेवावे, आणि पुन्हा काढाल तेव्हा मुख्य गायकाऐवजी तानपुरा व ठेका ऐकत बसावे.

आणि तुम्ही नांदेडकर तर नशीबवान. हिंगोलीजवळच्या नरसीच्या नामदेवांची एकसष्ट पदे गुरु ग्रंथ साहिबात रागवार लावलेली आहेत. आपण नामदेव टाळ-मृदंगावर लहानपणापासून ऐकतो. हुजूर साहिब गुरुद्वारात कीर्तनाला बसून त्यांची ती पदे त्या रागांत किती जणांनी ऐकली आहेत, हे हात वर करून सांगा, असे मी म्हणणार होतो. वेळ नाही, म्हणून हात खालीच असू द्या. रिक्षाने पंधरा मिनिटांचा रस्ता आहे.

त्या बागेश्रीची उरलेली तेरा मिनिटे मी आज येथे ऐकवणार होतो. चिठ्ठीप्रमाणे आता दोनच उरली आहेत. ध्वनिव्यवस्थेवर बसलेल्या मुलाला विनंती, की त्याने ती तान उठते तिथून सुरू करावे आणि दोन मिनिटे झाली की, माझ्या दुकानदाराप्रमाणे, समेची वाट न पाहता बंद करावे.