समुद्रातला चिखल आणि आपली विहीर

राम राम मंडळी. आज बंदराबद्दल बोलून राहिलो, आता तुम्ही म्हणाल बाप्पा, वर्ध्यात बसून समुद्राच्या गोष्टी काऊन? तर आपल्या रुईच्या कितीतरी गाठी कंटेनरमध्ये भरून नागपूरच्या डेपोतून रेल्वेनं आठशेच्या वर किलोमीटर जातात, त्या थेट मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदराला.

हे बंदर १९८९ ला सुरू झालं. तेव्हाच्या मानानं आताची जहाजं म्हणजे अवाढव्य, जगातल्या सगळ्यात मोठ्या जहाजावर वीस फुटी २४,००० डबे मावतात. एवढं मोठं आपल्याकडं येत नाही, पण येतात त्यांनाही लागायला लांब धक्का, म्हणजे किनाऱ्याचा ओटा, आणि खोल पाणी लागतंच. म्हणून तिथलं चौथं टर्मिनल २०१८ ला एक किलोमीटर धक्क्यानं सुरू झालं, २०२५ ला तो दोन किलोमीटर झाला.

पण बांधायचं कशावर? चिखलावर! पावसाळ्यात काळ्या रानात भरलेली बंडी घातली की आखापर्यंत रुतते ना, तसाच तो समुद्राचा गाळ. त्यावर हजार टनांवरची क्रेन उभी करायची, म्हणून धक्क्याचे खांब चिखल पार करून खालच्या काळ्या दगडात रोवतात. मागच्या यार्डाची, म्हणजे डबे रचून ठेवायच्या जागेची, तऱ्हा वेगळी. दही फडक्यात बांधून वर पाटा ठेवला की पाणी निथळून चक्का होतो, तसंच तिथं चिखलात जवळजवळ उभ्या प्लास्टिकच्या पट्ट्या खुपसतात, वर मुरमाचा ढीग टाकतात, पाणी पट्ट्यांतून वर येतं आणि जमीन बसत जाते, यात महिनोन् महिने जातात, घाई केली की पुढं फरशी खचलीच समजा.

खरी गंमत जुन्या धक्क्याची, मला तर तेच काम सगळ्यात अवघड वाटतं. आपण जुनी विहीर खोल करायला जातो आणि वरचं बांधकाम ढासळतं, पाहिलंय ना? मोठ्या जहाजासाठी धक्क्यासमोरचा गाळ उपसला की खांबांची पकड कमी होते, वरून खाऱ्या पाण्यानं आतल्या सळया गंजून फुगतात आणि सिमेंट फुटतं. मग खांबांना बाहेरून नवं काँक्रीट चढवायचं, गरज पडली तर नवे खांब द्यायचे, तेही ओहोटी पाहून, कारण भरतीला जागा पाण्याखाली.

आणि बंदर बंद ठेवता येत नाही हो! विहिरीवर मोटर चालू ठेवून विहीर बांधायची, असा तो प्रकार. इकडं जहाज रिकामं होऊन राहिलं, तिकडं पन्नास-साठ मीटरवर ड्रिल चालू, जहाज लागलं की मिस्त्री बाजूला, गेलं की पुन्हा कामाला.

चला, आता कापसाचे बाजारभाव ऐका.