रेल्वे न आलेलं निकोडेमस

१८७८ चा वसंत. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातून निघालेली विलियाना हिकमन एलिस स्टेशनवर उतरून नवऱ्यासोबत माळ तुडवत होती. पुढे चालणारे पुरुष ओरडले, आलं गाव! तिने चौफेर नजर फिरवली. घर नाही, झाड नाही. नवऱ्याने बोट दाखवलं तिथे जमिनीतून धूर निघत होता. गाव जमिनीच्या पोटात होतं. ती रडायला लागली. हे पुढे तिनेच सांगून ठेवलंय.

ते गाव म्हणजे कॅन्सस राज्यातलं, ग्रॅहम काउंटीतलं निकोडेमस. आज इथून हायवे २४ जातो. दोन्ही अंगांना गहू आणि ज्वारी. हो, आपलीच ज्वारी. फक्त इथे तिची भाकरी होत नाही, ती जाते गुरांच्या दाण्याला.

गाव वसवलं गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी, १८७७ मध्ये. त्याआधी चार वर्षं जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली होती ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. त्या सुटलेल्या माणसांपैकी काहींनी पुढे काय खाल्लं, कुठे पाठ टेकली, ते या माळावर कळतं.

सहा कृष्णवर्णीय आणि डब्ल्यू. आर. हिल नावाचा एक गोरा, अशांनी मिळून हे गाव वसवायला कंपनी काढली आणि केंटकीत पत्रकं वाटली. पत्रकांत सुपीक जमीन होती, सुबत्ता होती. सप्टेंबरात सुमारे तीनशे जण आले, आणि जे दिसलं ते बघून बरेच जण आल्या पावली परत गेले.

राहिले त्यांनी उतारावर जमीन खोदली, पुढची बाजू गवताच्या मुळांसकट कापलेल्या ढेकळांनी बंद केली आणि आत चूल मांडली. सरपणाला सूर्यफुलाची वाळकी धाटं. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी मांस दिलं, म्हणून निभावलं, असं गावात आजही सांगतात. नांगर, घोडे मोजकेच. ज्यांच्याकडे तेही नव्हते त्यांनी फावड्याने रान उलथलं.

दहा वर्षांत चित्र पालटलं. हॉटेल, शाळा, चर्च, दुकानं, दोन वर्तमानपत्रं. गावातला एडवर्ड मॅकेब १८८२ मध्ये राज्याचा ऑडिटर म्हणून निवडून आला. उरली होती फक्त रेल्वे. तिच्यासाठी गावाने १६,००० डॉलरचे रोखे काढायला मतदान केलं. म्हणजे कर्ज डोक्यावर घ्यायचीही तयारी होती. पण १८८८ मध्ये रूळ पडले सॉलोमन नदीच्या पलीकडे. तिथे बोग नावाचं गाव उभं राहिलं आणि निकोडेमसची दुकानं एकामागून एक नदीपार गेली.

शेतकरी मात्र हलले नाहीत. जमीन काय गाडीत घालून नेता येते? पुढे १९३० च्या दशकात दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी त्यांचंही कंबरडं मोडलं. १९५३ मध्ये पोस्ट बंद झालं. आता निकोडेमसच्या पत्त्यावर पिनकोड लागतो तो बोगचा! हा अपमान गावाने कसा गिळला असेल, कोण जाणे.

सरकारने १९९६ मध्ये गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ केलं. पण गाव जिवंत ठेवलंय ते इथे न राहणाऱ्यांनी. कायमची वस्ती मूठभर. जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी मात्र चाकरमानी गणपतीला कोकणात उतरावेत तशी माणसं येतात, पार दूरच्या राज्यांतून. मिरवणूक निघते, मोठाल्या शेगड्यांवर मांस भाजलं जातं, आणि १९३९ च्या दगडी टाउनशिप हॉलमध्ये 'तू कोणाचा?' ही चौकशी सुरू होते. मूळचा हा सण १ ऑगस्टचा, ब्रिटिशांच्या कॅरिबियन वसाहतींत १८३४ मध्ये गुलामी संपली त्या दिवसाचा. लिंकनच्या गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याची ती तारीख नव्हे.

मोठी खरेदी, कोर्टकचेरी यासाठी काउंटीचं ठाणं गाठावं लागतं. त्याचं नाव हिल सिटी. पत्रकं वाटणाऱ्या त्याच हिलच्या नावावरून.